स्टुटगार्ट ७८, पुणे ५४

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

"ताई, मी ३९ वर्षांचा मेकॅनिकल इंजिनिअर. चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, राहायला कर्वेनगरला. वर्षाला ३२ लाख मिळतात. आता स्टुटगार्टजवळच्या ऑफिसात जायची ऑफर आली आहे. तिथल्या कंपनीशी नवा करार, वर्षाला ७२ हजार युरो, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी लोकांचा तिथला काम-निवास परवाना), सप्टेंबरपासून रुजू. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, तिचं छोटं क्लिनिक आहे. मुलगी ८ वर्षांची, जूनमध्ये तिसरीत जाईल. आई ७१ वर्षांची, आमच्याजवळच असते. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. मी दोन्ही देशांच्या जीवनमानाची तुलना करणारं एक्सेल शीट केलं आहे. ११ मुद्दे, प्रत्येकाला वेटेज. बेरीज केली तर स्टुटगार्ट १०० पैकी ७८ आणि पुणे ५४. आकडे स्पष्ट आहेत, तरी निर्णय होत नाही. बायको म्हणते, 'तू म्हणशील तसं,' आणि मग दोन दिवस धड बोलत नाही. आई म्हणते, 'माझी काळजी करू नका.' शीट सोबत जोडलं आहे. काही मुद्दा राहून गेलाय का, तेवढं सांगा."

सप्रेम नमस्कार,

शीट उघडलं. व्यवस्थित आहे, हिरवे-लाल रंगसुद्धा दिलेत. इतकं नीटनेटकं शीट पाहिलं की माणूस घाबरून काम करतोय हे लगेच कळतं. मी स्वतः १९९४ ते २००१ अशी सात वर्षं स्टुटगार्टच्या शेजारी, एस्लिंगनला संसार केला आहे. त्यामुळे तुमच्या ११ ओळींपैकी निदान नऊ ओळी मी अंगावर काढल्यात असं समजा. पुण्याच्या रकान्यात मी आजही राहते, सिंहगड रोडला.

पैशांच्या ओळीपासून सुरुवात करते. तिला तुम्ही सगळ्यात जास्त वजन दिलंय, २५ गुण, आणि नेमकी तीच ओळ चुकली आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास आहे म्हणून ७२ हजारांचे तुम्ही ७२ लाख करून टाकलेत, आणि ३२ लाखांच्या दुपटीहून जास्त म्हणून स्टुटगार्टला पैकीच्या पैकी गुण. विमानाचं तिकीट काढताना किंवा कर्वेनगरच्या फ्लॅटचा हप्ता भरताना हा हिशोब बरोबर आहे. पण तुम्ही दूध तिकडे घेणार, केस तिकडे कापणार (पंचवीस-तीस युरो, आणि डोक्याचं मालिश नाही). दोन देशांतल्या किमतींची तुलना करून अर्थतज्ज्ञ जो दर काढतात, त्याला क्रयशक्ती समता म्हणतात. त्या दरानं जर्मनीतल्या एका युरोचं काम भारतात साधारण २८-३० रुपयांत होतं. म्हणजे ७२ हजार युरो हे पुण्यातल्या २०-२१ लाखांसारखे. तुमच्या आताच्या पगारापेक्षा कमी!

हा दरही जसाच्या तसा घेऊ नका. तो अख्ख्या देशाच्या टोपलीवर काढलेला असतो. त्यात गावाकडची ज्वारी आणि रिक्षाचं भाडं असतं, आणि चाकणचा इंजिनिअर काही नुसती ज्वारी खात नाही. तुमचा फोन, तुमची गाडी, तुमच्या मुलीची शाळा यांच्या किमती त्या टोपलीपेक्षा बऱ्याच वरच्या आहेत. खरा आकडा मधे कुठेतरी पडेल. लग्न झालेल्या, एकट्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला कर आणि विम्याचे हप्ते जाऊन ७२ हजारांतले महिन्याला चार ते सव्वाचार हजार युरो हातात पडतात. तीन खोल्यांचं घर हीटिंग धरून दीड हजारांच्या पुढे. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. आणि घर ताब्यात घ्याल त्या दिवशी कळेल की त्यात ओटा, सिंक, कपाटं काहीच नाही, कारण आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचलून घेऊन गेलेला असतो. एकट्याच्या पगारात चौकोनी कुटुंब तिथे नीट राहतं. श्रीमंत होत नाही. त्या ओळीत दोन्हीकडे सारखे गुण द्या आणि पुढे चला.

दुसरी गोष्ट त्या ओळींची, जिथे तुम्ही जागतिक क्रमवाऱ्या सरळ उचलून चिकटवल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात २०२५ च्या अहवालात जर्मनी पाचवा आणि भारत १३० वा आहे, हे खरं. हा निर्देशांक १९९० पासून निघतो. पाकिस्तानचे महबूब उल हक यांनी तो पुढे आणला आणि अमर्त्य सेन यांनी त्याला हातभार लावला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न, एवढ्या तीनच गोष्टी तो मोजतो. भारताचा आकडा खाली आहे तो गडचिरोलीतल्या आणि मेळघाटातल्या बाळंतिणींमुळे, कर्वेनगरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमुळे नाही. तुमच्या घरातल्या चौघांचा निर्देशांक वेगळा काढला तर तो १३० च्या जवळपासही येणार नाही. दुसरी क्रमवारी आहे ती मर्सर या सल्लागार कंपनीची, शहरांच्या राहणीमानाची. ती कशासाठी असते ठाऊक आहे? परदेशी पाठवलेल्या साहेबाला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा हे कंपन्यांना ठरवता यावं म्हणून. परक्या माणसाच्या नजरेनं केलेली ती यादी आहे. २०१९ मध्ये त्यात पुणे आणि हैदराबाद मिळून १४३ वे होते, भारतात सगळ्यात वर. तुम्ही पुण्यात परके नाही. स्टुटगार्टला मात्र असाल. तेव्हा ती यादी लावायचीच तर उलटी धरून लावायला हवी.

आणि क्रमवाऱ्यांवर एवढाच विश्वास असेल तर आपल्या सरकारची पण घ्या. २०१८ च्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत १११ शहरांमध्ये पुणे पहिलं आलं होतं. ती बातमी मी खड्ड्यातून जाणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये वाचली, त्यामुळे लक्षात आहे.

आता खरा मुद्दा. तुमच्या शीटमध्ये दोन रकाने आहेत, जर्मनी आणि भारत. मला तिथे चार हवे आहेत: तुमचा, बायकोचा, मुलीचा आणि आईंचा. तुम्ही घरच्या चौघांची सरासरी काढली आहे. नदीची सरासरी खोली कमरेइतकी म्हणून सगळ्यांना पाण्यात उतरवणाऱ्या माणसासारखं झालंय हे. शिवाय मी नीट पाहिलं: "स्पाउस करिअर" ही ओळ आहे, ५ गुण. आणि आई आहेत दहाव्या ओळीत. "रिस्क फॅक्टर्स" या मथळ्याखाली, घराच्या कर्जाच्या आणि युरोच्या दराच्या मधे.

ते मुद्दाम केलं नसणार. पण बायको दोन दिवस बोलत का नाही, हे मला तिथे कळलं. तिनं शीट पाहिलंय.

तिच्याबद्दल बोलण्याआधी एक सांगते, कारण सगळं त्यावर अडलंय. पुण्यात आपण काय करतो बघा. नळाला पाणी पुरत नाही, टँकर मागवतो. टँकरच्या पाण्याची खात्री नाही, घरात आरओ बसवतो. २०२५ च्या जानेवारीत आमच्याच भागात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरीकडे, जीबीएसची, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या आजाराची, साथ आली; संशय दूषित पाण्याचा. तेव्हापासून तर आम्ही फिल्टरचं पाणीसुद्धा उकळून पितो. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, बस येत नाही म्हणून दोन स्कूटर आणि एक गाडी, फुटपाथ नाही म्हणून मुलांना खेळायला सोसायटीच्या आतलं अंगण, त्याला भिंत आणि भिंतीपाशी वॉचमन. महापालिकेनं करायचं ते प्रत्येक घर आपापल्या पैशानं करून घेतं. पण तेच घर आतून बघा: पोळ्यांना काकू येतात, भांड्यांना मावशी येतात, इस्त्रीवाला दारात, वाणी फोनवर, गाडी पुसायला एक पोरगा. आत आराम, आणि दार उघडलं की लढाई. तुमची लढाई तर चाकणपर्यंतची, नाशिक फाट्यावरून, दीड तास जायला आणि त्याहून जास्त यायला. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुणे जगातल्या सगळ्यात संथ रहदारीच्या शहरांत चौथं होतं. १० किलोमीटरला ३३ मिनिटं. चाकण चौकात उभं असताना तीसुद्धा स्वप्नवत वाटतात, हो ना?

स्टुटगार्टला सगळं उलटं. दाराबाहेर पाऊल टाकलं की शहर तुमच्या दिमतीला आहे. एस-बान, म्हणजे तिथली लोकल, मिनिटावर येते (हल्ली तिथेही गाड्यांच्या उशिरावर लोक करवादतात, पण त्यांचा उशीर आणि आपला उशीर यांत फरक आहे). २०२६ पासून ६३ युरोच्या महिन्याच्या तिकिटात देशभरातल्या लोकल गाड्या, ट्राम, बस सगळं. नळाचं पाणी सरळ प्यायचं. जंगलातली पायवाट ट्रामच्या शेवटच्या थांब्याला लागून. पण घरात शिरलात की तुमचं तुम्ही. भांडी, संडास, खिडक्यांच्या काचा, फर्निचरची जुळवाजुळव, भिंतींचा रंग. कचरा चार डब्यांत वेगळा. प्लॅस्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत घ्यायला दुकानात रांग. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी कोथिंबीर विसरलात तर सोमवारपर्यंत पोहे बिनकोथिंबिरीचे. आणि त्यावर श्वाबेनची, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या मुलखाची, खास भेट, केरवोखे. जिन्याची, फुटपाथची झाडलोट प्रत्येक बिऱ्हाडानं आळीपाळीनं करायची. तुमचा आठवडा आला की दाराला पाटी लटकते. नावातच केर आहे, मराठी माणसानं घाबरायचं कारण नव्हतं. पण माझ्या पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी कठड्यावरून बोट फिरवून मला दाखवलं. बोलल्या काहीच नाहीत. मी बँकेत ऑफिसर होते, हाताखाली सहा माणसं होती. त्या बोटाकडे बघत मी उभी राहिले, फडकं घेऊन.

म्हणून विचारते: घराच्या आतलं ते सगळं काम तिकडे कोण करणार आहे?

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, मी वर कापलंय: "मिसेसचं तिथे गेल्यावर बघू, फिजिओला तिकडे खूप डिमांड आहे." डिमांड आहे, अगदी खरं. पण फिजिओथेरपी हा जर्मनीत नियमन असलेला व्यवसाय आहे. भारतातली पदवी तिथल्या राज्याच्या कार्यालयाकडून मान्य करून घ्यावी लागते. त्याला ते अनेरकेनुंग म्हणतात. अभ्यासक्रम तपासतात, कमी पडलेले विषय सांगतात, त्यासाठी प्रशिक्षण किंवा परीक्षा लावतात, आणि जर्मन भाषा बहुतेक ठिकाणी बी-२ पातळीची (सहा पायऱ्यांतली चौथी) मागतात. तुम्ही ऑफिसात इंग्रजीवर निभावून न्याल. तिला मात्र गुडघा दुखणाऱ्या श्वाबिश म्हाताऱ्याला त्याच्या बोलीत विचारायचंय, कुठे दुखतं, कधीपासून. "तिथे गेल्यावर बघू" याचा अर्थ असा की पहिली दोन वर्षं ती घरी असेल, तुम्ही कामावर असाल, आणि काकूंच्या पोळ्या, मावशींची भांडी, आईंचं मुलीकडे लक्ष हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर येईल. कर्वेनगरला पाटीवर तिचं नाव आहे. तिकडे लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव असेल. मी यात पक्षपाती आहे, कबूल. मी नोकरीचा राजीनामा देऊन गेले होते आणि परत आल्यावर मला कुणी त्या खुर्चीवर बसवलं नाही.

तेव्हा ती ओळ ५ गुणांची ठेवायची असेल तर शीट फाडून टाका. नाहीतर असं करा: तिला तिचं शीट तिचं तिला करू द्या, मुद्दे तिचे, वजनंही तिची, आणि तुम्ही बघायचं नाही. जर्मनचे वर्ग उद्यापासून. पुण्याइतकी सोय आख्ख्या देशात फार थोड्या ठिकाणी आहे, बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन, फर्ग्युसन रस्त्याला रानडे इन्स्टिट्यूट. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन यावंच लागत नाही आणि पोचल्या दिवसापासून काम करायची परवानगी असते, ही कायद्याची सवलत. तिच्या भरवशावर बसू नका. परवानगी आणि काम यांच्यामध्ये बी-२ उभं आहे.

मुलीचा रकाना सोपा आहे असं तुम्हाला वाटतंय. पुष्कळसा आहेच. आठ वर्षांची मुलं तिथे दप्तर घेऊन एकटी चालत शाळेत जातात. त्यामागे मोठी गोष्ट आहे. २०२२ मध्ये जर्मनीत रस्त्यावरच्या अपघातांत २,७८८ माणसं गेली, भारतात त्याच वर्षी १,६८,४९१. लोकसंख्येचा फरक धरूनही आपल्याकडे धोका तिपटीहून जास्त. तुमच्या शीटमध्ये "सुरक्षितता" म्हणजे चोऱ्यामाऱ्या धरल्यात. मुलीसाठी सुरक्षितता म्हणजे रस्ता ओलांडणं. सरकारी शाळेला फी नाही, वर २०२६ पासून दर मुलामागे महिन्याला २५९ युरोचा बालभत्ता.

पण एक गाठ आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात चौथीनंतर मुलांचे रस्ते वेगळे होतात. कोण गिम्नाझियमला, म्हणजे थेट विद्यापीठाच्या वाटेनं, कोण रेआलशूलला, म्हणजे दहावीपर्यंतच्या शाळेला, कोण आणखी कुठे. शाळा शिफारस देते, आणि गेल्या दोन वर्षांत गिम्नाझियमसाठी त्या शिफारशीला पुन्हा धार आली आहे. दहाव्या वर्षी! आपण दहावीला बोंबलतो, ते चौथीला. हुशार मुलगी भाषेपायी वर्गात गप्प बसली तर तिची शिफारस गप्प मुलीची होईल. म्हणून तिला तिसरीतच घाला. वयानं एक वर्ष मागे बसली तर बसू द्या; इथे कुणी "का गं, नापास झालीस?" विचारतं, तिथे विचारत नाहीत. नवख्या मुलांसाठी भाषेचे तयारी वर्ग असतात, त्यांची चौकशी करा. आणि शिफारस हुकली तरी रेआलशूलनंतर पुढे वळून विद्यापीठाकडे जायच्या वाटा आहेत, माझ्या शेजारणीचा मुलगा तसाच गेला. हे आधी माहीत असलं की चौथीच्या वर्षी घरात रडारड होत नाही.

आता आई.

"आईची सोय नाशिकला बहिणीकडे किंवा एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात," असं लिहिलंय तुम्ही. त्यांना विचारलंत? "माझी काळजी करू नका" हे उत्तर नाही. आपल्याकडच्या त्या वयाच्या बाईला दुसरं वाक्य शिकवलेलंच नसतं.

बरोबर नेता येईल का, हेही तुम्ही तपासलेलं दिसत नाही, म्हणून सांगते. १ मार्च २०२४ पासून जर्मनीनं कायदा बदलला. त्या तारखेनंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगाराला आपल्या आईवडिलांना कायमचं बोलावता येतं. ऐकायला छान आहे. अट अशी की त्यांचा सगळा खर्च तुम्ही उचलायचा आणि त्यांचा पुरेसा आरोग्यविमा दाखवायचा. घोडं तिथे पेंड खातं. तुमच्या सरकारी आरोग्यविम्यात बायको आणि मुलगी फुकट बसतात. आई बसत नाही. या वयात बाहेरून आलेल्या माणसाला सरकारी विम्याचं दार जवळपास बंदच असतं, आणि खासगी विमा ७१ व्या वर्षी, रक्तदाबासह, तुमच्या पगाराला न झेपणारा. राहिला पाहुण्यांचा व्हिसा, १८० दिवसांत ९० दिवस. तोही उन्हाळ्यातच बरा. डिसेंबरात तिथे आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि साडेचारला अंधार. देवळात गप्पा मारायला जाणाऱ्या बाईला त्या खिडकीशी बसवू नका.

इथे त्यांचा रकाना काय सांगतो? कोपऱ्यावरचे डॉक्टर चिठ्ठी न लावता बघतात, हाडांचे डॉक्टर याच आठवड्यात भेटतात, मेडिकलवाला गोळ्या घरी आणून देतो. तिकडे तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळायला कित्येक आठवडे, कधी महिने. मोठं ऑपरेशन झालं तर मात्र पूर्ण उलटं: तिकडे रोजचे दहा युरो भरून घरी याल, इकडे मेडिक्लेमच्या माणसांशी लिफ्टपाशी उभं राहून भांडाल. माझ्या सासऱ्यांच्या वेळी एका मोठ्या रुग्णालयात मी तेच केलंय, डिस्चार्जच्या दिवशी, सात तास. तेव्हा म्हातारपणी भारत आणि तरुणपणी जर्मनी असंही सरळ नाही. रोजच्या दुखण्याला पुणं बरं, मोठ्या दुखण्याला स्टुटगार्ट. आईंचं सध्या रोजचं आहे. भिशी आहे, हास्यक्लब आहे, तुमच्या मुलीला संध्याकाळी साडेपाचला भरवायचा गूळ-तूप-पोळीचा लाडू आहे. तुमच्या जाण्यानं त्यांच्या दिवसातली साडेपाचची वेळ जाते. तिथे नाशिक भरता येणार नाही आणि वृद्धाश्रम तर नाहीच.

हल्ली व्हिडिओ कॉल आहेत, हे मान्य. माझ्या वेळी मिनिटाचे पैसे मोजत एसटीडी बूथवर यायचे आमचे वडील. पण व्हिडिओ कॉलवर आई कपाळापासून वर दिसते, आणि बसलेली दिसते. खुर्चीतून उठून दार उघडायला तिला किती वेळ लागतो, ते त्यात दिसत नाही. दर महिन्याला कुणीतरी ते बघून तुम्हाला खरं सांगायला हवं. बहीण, शेजारच्या काकू, पैसे देऊन ठेवलेली बाई, कुणीही. पण नाव ठरलेलं हवं.

तुम्ही विचारलंत, मुद्दा राहिलाय का. एक राहिलाय आणि तो नोकरीचा आहे. स्टुटगार्टच्या पट्ट्यात मोटार उद्योगात गेली दोन-तीन वर्षं माणसं कमी करायच्या बातम्या थांबत नाहीत. तुमच्या करारात सहा महिन्यांचा परिविक्षा काळ (प्रोबेशन) असेल. त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं. बेकारी भत्ता किमान बारा महिने हप्ते भरल्यावर. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो, बी-१ जर्मन असेल तर २१ महिन्यांनी. म्हणजे पहिले सहा महिने तुमच्या पायाखाली फळी आहे, जमीन नाही. त्या फळीवर चौघांना उभं करू नका.

म्हणून माझं मत सांगते. जा, पण सप्टेंबरात एकटे जा. फेब्रुवारीअखेर परिविक्षा संपेल. तोवर एकटे राहा, जर्मन हिवाळा एकट्यानं काढा, डाळभात स्वतः लावा, आणि जिना झाडा. आतलं काम म्हणजे काय ते कळलं की शीटमधली वजनं आपोआप बदलतील. इकडे बायको बी-१ पुरं करून बी-२ ला लागेल, क्लिनिक चालू राहील, पदवीची कागदपत्रं भाषांतर करून पाठवता येतील. मान्यतेचा अर्ज भारतातूनही करता येतो. मुलगी तिसरीची वार्षिक परीक्षा देईल आणि २०२७ च्या उन्हाळ्यात तिकडे जाईल, सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या आत दोन महिने भाषेला मिळतील. आईंना त्या उन्हाळ्यात बरोबर न्या, ९० दिवसांसाठी, आणि त्यांचं त्यांना बघू द्या. फ्लॅट विकू नका, भाड्यानंही देऊ नका. आई तिथे राहतील की नाही हे अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरवणं तुमच्या हातात नाही.

सहा महिन्यांत "नको" असं वाटलं तर परत या, कुणी हसणार नाही. चार लोक हसतील, पण ते चाकणलाच भेटतात, तेव्हा बोलायला वेळ कुणाकडे असतो. पाच वर्षं हप्ते भरलेत तर म्हातारपणी जर्मन पेन्शनचा हक्क राहतो. त्या पाचात इथला पीएफचा काळही धरता येतो, कारण २०१७ पासून दोन्ही देशांत तसा करार लागू आहे. नागरिकत्वाचं आत्ता डोक्यात आणू नका. जर्मनी आता दुहेरी पासपोर्ट चालवतं, भारत चालवत नाही, तो प्रश्न पाच वर्षांनी.

शीट परत पाठवू नका. बायकोचं पाठवलंत आणि तिची हरकत नसेल, तर मात्र वाचायला आवडेल.

तुमची,
ताई

ता. क. आईंचा पासपोर्ट बाबा असताना काढलेला असेल, दहा वर्षांची मुदत बघून घ्या. आणि तो त्यांच्या कपाटातून काढताना कशासाठी हवाय, ते आधी सांगा.